नगराळे बाईंचा अडसर

वत्सला नगराळे बाईंनी मला वीस वर्षांच्या ओळखीत फोनवर एकदाही हॅलो म्हटलं नाही. फोन उचलला की पहिला प्रश्न, "कोण बोलता?" दुसरा, "कुठून बोलता?" आणि तिसरा, "काय काम हाय?" तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर पुढचं बोलणं, नाहीतर फोन बंद. सख्ख्या भावालाही हाच नियम. एकदा मी चिडून म्हणालो, "बाई, माझं नाव दिसतं ना तुमच्या फोनवर? मग रोज काय उलटतपासणी घेता?" तर शांतपणे म्हणाल्या, "नाव फोनचं दिसते सर. फोन कोणाच्या हातात हाय, ते थोडंच दिसते?"

तेव्हा मी हसलो होतो. हसणारे आमच्याकडे पुष्कळ होते. त्या हसण्यापायी पुढं जे झालं ते आठवलं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हा राग इतरांवर जितका आहे तितकाच माझ्यावर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं वाचताना कोणी मला साळसूद समजायला नको.

बाई टेलिफोन ऑपरेटर. फोनला चकती नव्हती, उचलला की आधी बाईंचा आवाज यायचा आणि मग त्या जोडून देतील तो माणूस, त्या काळापासूनच्या. वणी लागत नाही, यवतमाळ लाइनवर आहे, चंद्रपूर अर्ध्या तासानं, हे सगळं मारेगाव भागातल्या लोकांना बाईंच्या तोंडून कळायचं. शेलाटा बांधा, नाकावर घसरलेला चष्मा, तोंडात कायम एक लवंग. कानावरच्या त्या जड यंत्रामुळे की काय, मान उजवीकडे किंचित कललेली राहून गेली होती, त्यामुळे समोरच्याला सतत वाटायचं की बाई आपलं म्हणणं तपासून पाहताहेत. बहुतेक वेळा त्या तेच करत असत. आकडा सांगताना त्या कधी बावीस, पंचेचाळीस म्हणाल्या नाहीत. दोन, दोन. चार, पाच. एकेक आकडा वेगळा, मध्ये श्वास.

वडिलांनी छप्पन सालानंतर लगेच दीक्षा घेतलेली. ते कोणाच्या दारात उभे राहून काही मागायचे नाहीत आणि मुलीलाही तेच शिकवून गेले. ती सरकारी नोकरीत लागली तेव्हा त्यांनी तिला पेढे दिले नाहीत, एक वाक्य दिलं: लोक तुझ्यासमोर बोलतील ते तुला माणूस न समजता बोलतील, तू मात्र माणसासारखी वाग. बाई हे सांगताना कधी हळव्या झाल्या नाहीत. हवामानाची बातमी सांगावी तसं सांगायच्या.

त्यांच्या कानावरून तालुक्यातले सगळे सोयरेसंबंध, भांडणं, कोर्टकचेऱ्या गेल्या. एका कापूस दलालाला वाटलं, या बाईंकडून दुसऱ्या दलालाचं वणीशी काय बोलणं होतं ते कळून घ्यावं. त्यानं दिवाळीत बायकोच्या हातून साडी पाठवली. बाईंनी ठेवून घेतली. बाजाराच्या दिवशी भरल्या दुकानात गेल्या, गिऱ्हाईक उभं असताना ती साडी त्याच्या तराजूच्या पारड्यात ठेवली आणि म्हणाल्या, "हे तुमचं इथलं तिथं गेलतं." दलाल काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं. "ऐकू येणं माही नोकरी हाय. सांगणं नाई." त्यानंतर त्या दुकानाचे फोन बाईंनी इतक्या तत्परतेनं जोडले की माणूस लाजून अर्धा झाला. सूड घ्यायची ही तऱ्हा मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही.

त्या निवृत्त झाल्या तोवर कापसाची वाईट वर्षं सुरू झाली होती. बोंडअळी काही केल्या हटेना. झाडं माणसाच्या डोक्यावर गेलेली, त्यात पाठीवर पंप घेऊन शिरायचं आणि वरून खाली उडणाऱ्या फवाऱ्यात श्वास घ्यायचा. औषधांच्या दुकानात माणूस गेला की दुकानदार एकाच्या जागी तीन बाटल्या काढून द्यायचा. हे त्यात मिसळा, ते यात मिसळा, रिझल्ट येते. रिझल्ट आला. रोजमजुरीनं दुसऱ्याच्या वावरात फवारणारी माणसं बांधावर आडवी व्हायला लागली. कोणाची नजर गेली, कोणाला आकडी आली, कोणी घरी चालत आला आणि तिसऱ्या दिवशी गेला.

लक्ष्मण टेकाम तसाच गेला. तिशीतला गडी, दोन मुलं. ज्या डॉक्टरकडे आधी नेलं त्यानं कागदावर 'ताप' लिहिलं आणि पुढं सगळीकडे तोच ताप उतरत गेला. बाटल्या देणारा दुकानदार चौकात सांगत सुटला की दारू पिऊन फवारत होता, त्याला आम्ही काय करणार. लक्ष्मणानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्याची बायको सुशीला रिकाम्या बाटल्या फडक्यात बांधून घेऊन हिंडत होती आणि कोणी हात लावायला तयार नव्हतं. शेवटी ती बाईंकडे आली, कारण या बाई कोणाचं बाहेर बोलत नाहीत हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

मी तिथं होतो. बाईंनी चष्मा वर करून बाटल्यांवरची अक्षरं वाचली. सुशीलाला विचारलं, "तुले काय पाह्यजे?"

"कागदावर ताप लिवलं हाय ते खोडाचं हाय," सुशीला म्हणाली. "अन् दारू नोते पीत, हे लिवाचं हाय. बाकी मले काई नाई पाह्यजे."

बाईंनी बाटल्या पुन्हा फडक्यात बांधल्या. मग म्हणाल्या, "आजपर्यंत ऐकलेलं कोणाले सांगतलं नाई. पण हे तर डोळ्यानं पाह्यलेलं हाय. हे सांगावंच लागते."

त्यातून आमचं मंडळ निघालं. अध्यक्ष भाऊराव ढोके, आठ एकरांचे कास्तकार, माणूस सोन्यासारखा पण कायम घाईत. मी शाळेत मराठी शिकवणारा, म्हणून लिखापढी माझ्याकडे. कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या मागं पत्र्याची एक खोली मिळाली, एक संगणक मिळाला आणि वेबसाइट सुरू झाली. प्रत्येक फवारणाऱ्याचं एक पान. नाव, गाव, कोणत्या दिवशी कोणाच्या वावरात फवारलं, बाटलीचा फोटो, त्यावरचा बॅच नंबर, दवाखान्याचे कागद. काही भाग सगळ्यांना दिसायचा. दुकानाचं नाव, कोणी पाहिलं, कोण साक्ष द्यायला तयार आहे, हे आत, कुलपात. ज्याच्या वावरात रोज जायचं त्याच्याच विरुद्ध बोलायचं म्हणजे काय असतं हे ज्यांना कळतं त्यांना त्या कुलपाची किंमत कळेल.

आम्हाला ती कळली नव्हती. वेबसाइट ठेवायला इंटरनेटवर भाड्यानं जागा घ्यावी लागते, तिला होस्टिंग म्हणतात. त्या खात्यात जो शिरला तो सगळ्याचा मालक, लिहील, पुसेल, काहीही करील. आमच्या त्या खात्याचा पासवर्ड होता गावाचं नाव आणि पुढं एक दोन तीन. साइट बनवून देणाऱ्या संगणक क्लासवाल्यानं तो ठेवला होता आणि कोणी विसरू नये म्हणून कागदावर छापून कपाटाच्या दारावर चिकटवला होता. मंडळातल्या पाच जणांना पाठ. चहावाल्यालाही पाठ असणार.

बाईंनी तो कागद पाहिला त्या दिवशी नखानं खरवडून काढला. त्याचे तुकडे मुठीत घेऊन त्या भाऊरावांसमोर उभ्या राहिल्या. "हे काय हाय?"

"बाई, आपलं तिथं काय सोनं ठेवलं हाय?" भाऊराव हसून म्हणाले. आम्हीही हसलो.

"माणसं ठेवली हाय," बाई म्हणाल्या.

आठ दिवसांत त्या सगळं शिकून आल्या. साठी ओलांडलेली बाई यवतमाळला कोणा भाच्याकडे जाऊन बसली, वहीत टिपणं काढली आणि परत येऊन खात्याला दुसरं बंधन घातलं. पासवर्ड टाकला की सहा आकड्यांचा नंबर मेसेजनं येणार, तो बाईंच्या फोनवर, आणि तो टाकल्याशिवाय दार उघडणार नाही. बाई त्याला अडसर म्हणायच्या. "पासवर्ड म्हणजे कडी. कडी बाहेरून कोणीबी काढते. आतून अडसर पाह्यजे."

मंडळात कुरबूर सुरू झाली. पासवर्ड तोच राहू द्या, रोज नवीन कोण पाठ करणार, असं भाऊरावांनी ठणकावलं आणि बाई तेवढ्यापुरत्या गप्प बसल्या. पण नंबराच्या बाबतीत त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. साइटवर काही टाकायचं असलं की आम्ही फोन करायचो, "बाई, नंबर आला असेल, सांगा." आधी तीन प्रश्न. मग उत्तर, "थांबा, मी येऊन टाकतो." आणि खरंच दहा मिनिटं चालत येऊन, आम्हाला बाजूला सारून, स्वतःच्या बोटानं नंबर टाकून जायच्या. भाऊराव मागून म्हणायचे, बाई आपल्याले चोर समजते. मलाही राग यायचा. बावीस वर्षं पोरांना शिकवलं आणि मला सहा आकडे सांगायला या बाईंचा जीव जातो. हा अपमान मी मनात धरून ठेवला होता, खोटं कशाला बोलू.

आता आमच्या खोलीची गंमत सांगायला हवी. वर पत्रा, चारी बाजूंनी जिनिंगच्या भिंती, त्यामुळे आत रेंज यायची नाही. ती यायची एका खिडकीत. आल्याबरोबर सगळे आपापले फोन त्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडून ठेवायचे. ज्याचा वाजेल त्याला हाक मारायची, तो जवळ नसेल तर उचलून निरोप घ्यायचा, मेसेज आला असेल तर मोठ्यानं वाचून दाखवायचा. कोणाच्या पोरीचा निकाल, कोणाच्या बँकेचा नंबर, सगळं सगळ्यांसमोर. दुसऱ्याचा फोन वाजतोय आणि आपण नुसते बसून आहोत, याला आमच्याकडे माणूसघाणेपणा म्हणतात. बाई मात्र आपला फोन कमरेच्या पिशवीत ठेवायच्या, खिडकीत कधीच नाही.

तो एक दिवस सोडून. आमच्या अर्जावर सरकारी चौकशी लागली होती, तिची तारीख यवतमाळहून कळणार होती आणि त्या फोनची बाई सकाळपासून वाट पाहत होत्या. म्हणून फोन खिडकीत. मध्येच सुशीलाच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला त्या रस्त्यापलीकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "सर, फोन वाजला तर मले हाक मारा. उचलू नका."

फोन वाजला. मी उचलला.

का उचलला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बाईंना रस्ता ओलांडून पळत यावं लागू नये म्हणून, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं कारण ते नाही. उचलू नका म्हणाल्या म्हणून उचलला.

पलीकडचा आवाज अतिशय गोड. स्वच्छ, पुस्तकी मराठी. होस्टिंग कंपनीतून बोलतोय म्हणाला. आपण कोण, असं त्यानं विचारलं. मी शाळेत शिकवतो म्हटल्यावर म्हणाला, "अरे वा सर, शिक्षकांशी बोलायला मिळालं, आनंद वाटला." मग म्हणाला, तुमची साइट काही तांत्रिक कारणानं दुपारी बंद पडणार आहे, ती चालू ठेवायची तर आत्ता तुमच्या फोनवर एक नंबर आला असेल तेवढा सांगा. नंबर खरंच आला होता. मी मेसेज उघडला आणि बाईंसारखा एकेक आकडा वेगळा करून, मध्ये श्वास घेत, सहाही आकडे सांगितले. "धन्यवाद सर," तो म्हणाला. मला बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

बाई झेरॉक्स घेऊन आल्या तेव्हा मी काही बोललो नाही. दुपारी साइट उघडली तर पांढरं पान. चौतीस माणसांची चौतीस पानं, फोटो, कागद, साक्षी, सगळं पुसलेलं. होस्टिंगवाल्यांकडे जी राखीव प्रत असते तीही पुसलेली, खात्याचा पासवर्डही बदललेला, आणि खोलीतल्या संगणकावर वेगळी प्रत आम्ही कधी ठेवलीच नव्हती. पुढं अर्ज करून, ओळखीचे पुरावे पाठवून खातं परत मिळालं, पण ते झाडून नेलेल्या खोलीसारखं रिकामं होतं.

त्या संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, "माहा फोन कोणी उचलला?" भाऊराव पत्र्याकडे पाहत राहिले. मी नखं पाहत राहिलो. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. फोन पिशवीत टाकला आणि निघून गेल्या.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या. सुपावरून मान वर न करता म्हणाल्या, "मले त्याच दिवशी म्हाईत होतं. तुमी कधी सांगता, तेवढं पाहून राह्यली होती." ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "दोन दिवस गेले ना सर. दोन दिवसांत तो माणूस कुठल्या कुठं गेला असन."

बाई आणि मी पोलिसांत गेलो. तिथल्या माणसानं विचारलं, काय चोरीला गेलं? माहिती, मी म्हणालो. किंमत काय तिची? घरफोडी झाली का? नाही. मारहाण? नाही. मग तुम्हीच नंबर सांगितला आणि तुम्हीच तक्रार करता? याचं उत्तर बाईंनी दिलं. "चाबी यानं देली हे खरं हाय," माझ्याकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या, "पण घरात शिरला तो कोण, हे शोधाचं काम तुमचं हाय." कागद घेतला गेला, त्याचं पुढं काही झालं नाही. कोणी केलं असेल याचा अंदाज सगळ्यांना होता. चौकशीच्या आधी ती पानं पुसली जावीत असं कोणाला वाटत होतं, हे काय कोणाला सांगायला हवं होतं? औषधांची दुकानं त्या आठवड्यात नेहमीसारखी उघडी होती. दुकानदार मला रस्त्यात नमस्कार करायचे, "काय सर, बरे हाय ना?" तो नमस्कार मी अजून विसरलेलो नाही.

मग बाई पुन्हा निघाल्या. सुशीलाला बरोबर घेतलं आणि एसटीनं, काळीपिवळी जीपनं, कधी पायी, त्या चौतीस घरी पुन्हा गेल्या. मारेगावकडची गावं झाली, वणीकडची झाली, दोन घरं तर बाभुळगावच्या बाजूची होती. मी बरोबर येतो म्हटलं तर म्हणाल्या, "तुमी शाळा करा." एका घरी मात्र मी गेलो होतो. मरण पावलेल्या पोराची आई दारात बसलेली. बाईंनी बाटलीचं विचारलं. म्हातारी म्हणाली, "बाटली कुठची माय? तूच तं म्हणली, फोटो काढला, आता इख घरात ठेवू नको, गाडून टाक. म्या गाडली. कुठं गाडली ते पावसानं गेलं." बाई त्या अंगणात उभ्या राहिल्या. मान नेहमीसारखी कललेली. परत येताना फाट्यावर एवढंच म्हणाल्या, "मीच सांगतलं होतं तिले." त्यांना इतकं थकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्या थकव्याचं कारण त्यांच्या बाजूला उभं होतं.

चौतीसातली सत्तावीस पानं परत उभी राहिली. सात उभी राहिली नाहीत.

या वेळी अडसर वेगळा होता. नंबर आता मेसेजनं येत नव्हता, फोनमधल्या एका अ‍ॅपमध्येच तयार व्हायचा, दर अर्ध्या मिनिटाला नवा. रेंज लागत नाही, खिडकी लागत नाही. पासवर्ड लांबलचक, तोही बदललेला. फोन हरवला तर म्हणून दहा राखीव नंबर कागदावर उतरवून ठेवलेले, प्रत्येक एकदाच चालणारा. तो कागद कुठं ठेवला ते आम्हा पाचांपैकी कोणालाही सांगितलं नाही. आणि दुसरा फोन, ज्यात हेच सगळं होतं, तो दिला सुशीलाला.

भाऊराव चिडले. सातवी शिकलेली बाई, तिला काय कळतं? "तिचा माणूस मेला हाय त्यात," नगराळे बाई म्हणाल्या. "तिले तुमच्याहून जास्त कळते."

शिकवण्याची त्यांची पद्धतही त्यांच्यासारखीच. एक दिवस मला बोलावून दुसऱ्याच कोणाचा फोन हातात दिला. "सुशीलाले लावा. यवतमाळच्या ऑफिसातून बोलतो म्हणा अन् नंबर मागा. तुमाले गोड बोलणं येते." मी आतून जळत होतो, पण लावला. आवाज बदलला, पुस्तकी मराठी काढली, ताई म्हणालो, मोठ्या साहेबांचं नाव पुढं केलं, आजच्या आज नंबर मिळाला नाही तर तुमची फाइल बंद होईल असंही म्हणालो. मग सुशीलाचा आवाज, "कोण बोलता? कुठून बोलता? काय काम हाय?" मी पुन्हा सगळं सांगितलं. "तुमी इकडं या," ती म्हणाली, "बसा. मी उघडून देईन, तुमी वाचा. नंबर भेटणार नाई." आणि फोन बंद. बाई लवंग चावत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्या हसतील. "आणखी एकदा लावा," त्या म्हणाल्या. "या डावाले रडून मागा."

चौकशीची तारीख पुढं ढकलली गेली, पुन्हा ढकलली गेली, आणि शेवटी आली तेव्हा बाईंनी अंथरूण धरलं होतं. दम लागायचा, दोन वाक्यं सलग बोलवत नव्हती.

चौकशीत काय झालं ते आधीच सांगून टाकतो. सुशीला गेली. चौकशीच्या साहेबांनी कार्यालयीन कामासाठी पासवर्ड आणि नंबर लिहून द्या म्हटलं. तिनं दिला नाही. एकेक पान उघडून समोर धरलं आणि सत्तावीस पानं साहेबांच्या माणसांनी तिच्या शेजारी बसून उतरवून घेतली. लक्ष्मणाच्या कागदावरचा ताप खोडला गेला आणि तिथं औषधाचं नाव आलं. दारू पीत नव्हता, हेही लिहिलं गेलं. सुशीलाला हवं होतं ते तेवढंच. त्या राहिलेल्या सात जणांच्या कागदावर मात्र आजही ताप आहे. त्यांना कसलाही ताप आला नव्हता. तो मी आणलेला आहे, आणि माझ्याबरोबर त्या गोड आवाजाच्या माणसानं, आणि ज्यानं त्याला नंबर मागायला बसवलं त्यानं. त्यांचं काहीही वाकडं झालं नाही.

पण मला सांगायचं आहे ते आदल्या दुपारचं. भाऊरावांनी मला बाईंकडे पाठवलं होतं. सुशीलाला साहेबांपुढं जमणार नाही, तेव्हा राखीव नंबरांतला एक तरी मागून आणा, उद्या आपण उघडू. मी गेलो. बाई खाटेवर उशांना टेकून बसलेल्या, सुशीला पायाशी फोन घेऊन. मी निरोप सांगितला. मग, का कोण जाणे, विनवणी केली. म्हणालो, "बाई, एकदा चुकलो. आता तरी माझ्यावर भरवसा ठेवा."

बाईंनी श्वास गोळा केला. "तुमच्यावर राग नाई सर. राग असता तर घरात घेतलं नसतं." पुन्हा श्वास. "पण तुमाले कोणी सर म्हटलं की तुमी इरघळता."

मला इतकं लागलं की मी उठून जाणार होतो. कारण ते खरं होतं, आणि वीस वर्षांत माझ्याबद्दल कोणी इतकं नेमकं बोललं नव्हतं.

"भाऊरावाले सांगा, जमते," बाई म्हणाल्या. "जमते का नाई, ते पाहूनच जा. सुशीला, उघड. अन् सर, तुमी भिंतीकडं तोंड करा."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पन्नाशीतला माणूस, वर्गात पोरांना उभं करतो तसा. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यावर दुधाच्या खुणा. मागं टिक, टिक, सहा वेळा. "वळा आता," बाई म्हणाल्या. वळलो. सुशीलाच्या हातात लक्ष्मणाचं पान उघडलेलं होतं, बाटलीचा फोटो, खाली त्याचं नाव. बाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या सुशीलाच्या अंगठ्याकडे पाहत होत्या, मान उजवीकडे कललेली. त्यानंतर दहा दिवसांनी बाई गेल्या, आणि मी त्यांना पाहिलेलं ते शेवटचंच.

"हळू टाकलं," त्या म्हणाल्या. "साहेबापुढं हात थरथरन. बंद कर. पहिल्यापासून उघड."

सुशीलानं फोन बंद केला. मी कोणी न सांगता पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.